दुसरा ड्रायव्हर

कपिलची बदली लोणंदला झाली तेव्हा घरात दोन गोष्टींवर बोलणं झालं. पहिली पाच मिनिटांत मिटली. बायको नीलिमानं सांगलीतली लॅबची नोकरी सोडायची नाही, आई पारूबाईंना या वयात हलवायचं नाही. म्हणजे कपिलनं एकट्यानं जायचं आणि सुट्टीला रेल्वेनं घरी यायचं. दुसरी गोष्ट मात्र आठ दिवस चघळली गेली. ती होती कपिलच्या गेमची.

ऐकणाऱ्याला हसू येईल, पण त्या घरात तो हसण्यावारी नेण्याचा विषय नव्हता. कपिल कुपवाडच्या एका कारखान्यात अकरा वर्षं टूलरूममध्ये साचे घडवत होता. केसाहून बारीक फरक बोटांना कळणारा माणूस. दारू नाही, पत्ते नाहीत, कट्ट्यावर बसणं नाही. नाद एकच. हॉलच्या कोपऱ्यात एकेक सुटा भाग आणून त्यानं स्वतः जोडलेला कॉम्प्युटर होता, आणि त्यावर ट्रक चालवायचा एक गेम. त्याचे वडील धोंडिराम बावीस वर्षं मालट्रकवर ड्रायव्हर होते. त्यांनी पोराला कधी स्टिअरिंगला हात लावू दिला नाही. या रस्त्यानं तू येऊ नकोस म्हणाले आणि आयटीआयला घातला. ते गेल्यावर कपिल स्क्रीनवर परदेशातल्या रस्त्यांवरून ट्रक हाकायला लागला. आणि हाकायचा कसा, तर वडील हाकत तसा. वळणाआधी इंडिकेटर, आरशात नजर, रिकाम्या चौकातसुद्धा सिग्नलला थांबणं. दोन वर्षांत त्याच्या गाडीला एक ओरखडा नव्हता. गेममध्ये तशी नोंद दिसायची आणि तो ती जिवापाड जपायचा.

लोणंदला जाताना हा कॉम्प्युटर उचलून नेणं शक्य नव्हतं. मग दोन वाटा उरल्या. एक, हँडहेल्ड घ्यायचा: मधे स्क्रीन, दोन्ही बाजूंना बटणं, हातात धरायचं यंत्र, गेम त्याच्या पोटातच. नेट असो नसो, खोलीवर आडवं पडून खेळा. दुसरी वाट अशी की गेम चालणार सांगलीतल्या कॉम्प्युटरवरच, चित्र नेटवरून लोणंदच्या मोबाइलवर दिसणार, आणि तिथं हातातल्या कंट्रोलरचं बटण दाबलं की इथला ट्रक वळणार. कपिलचं मन हँडहेल्डकडे होतं. नीलिमा म्हणाली, घरात धडधाकट कॉम्प्युटर असताना दुसरं यंत्र कशाला? हे तिचं सांगायचं कारण. न सांगितलेलं कारण असं होतं, की हँडहेल्ड घेतला तर हा माणूस संध्याकाळसकट लोणंदला जाणार. कॉम्प्युटर घरचा राहिला तर त्याचं काहीतरी घरात राहील.

शेवटी कपिलनं तिचं ऐकलं. लांबूनच कॉम्प्युटर सुरू करता येईल अशी सगळी व्यवस्था लावली. जाताना एवढंच म्हणाला, की स्क्रीनचं बटण बंद ठेवत जा, कॉम्प्युटर आपला आतल्या आत चालेल, उगीच वीज जायला नको. नीलिमा हो म्हणाली.

तो गेला त्याच्या दुसऱ्या संध्याकाळी सातच्या सुमाराला कोपऱ्यातला पंखा घुरघुरला. पारूबाई घेवडा मोडत बसल्या होत्या. नीलिमानं सहज बटण दाबलं. स्क्रीनवर निळा ट्रक उभा होता. मग तो आपसूक हलला, उजवं इंडिकेटर लागलं, आणि गाडी हलकेच रस्त्यावर आली. आवाज इकडे येत नव्हता, तो लोणंदला जात होता. समोरची खुर्ची रिकामी, आणि गाडी चाललेली.

"कपिल हाय व्हय ह्यो?" पारूबाईंनी विचारलं.

नीलिमानं मान हलवली. सासूबाई चष्मा लावून पुढं सरकल्या. नवऱ्याच्या शेजारी केबिनमध्ये बसून त्यांनी हुबळीपासून पुण्यापर्यंतचे रस्ते पाहिले होते. बराच वेळ बघून म्हणाल्या, की वळण घेताना बापासारखाच घेतोय, आधी दम खातोय आन मग काढतोय.

तेव्हापासून तो रोजचा परिपाठ झाला. सात वाजले की दोघी भाजी निवडत, भाकरी थापत अधूनमधून स्क्रीनकडे बघायच्या. कपिलला कुणी सांगितलं नाही. तो विचारत नव्हता, आणि यात सांगण्यासारखं काय, असं नीलिमानं स्वतःला समजावलं होतं.

तीन महिने असे गेले. मग एकदा आठ दिवस स्क्रीन काळीच राहिली. कपिल फोनवर म्हणाला, शिफ्ट बदललीय, दमायला होतं. बरं, म्हटलं तिनं. त्यानंतरच्या मंगळवारी लॅबमध्ये काम कमी होतं म्हणून नीलिमा तीनलाच घरी आली, तर कोपऱ्यातला पंखा सुरू. पारूबाई आत झोपल्या होत्या. नीलिमानं बटण दाबलं.

ट्रक होता, पण निळा नव्हता, पांढरा होता. आणि तो भिंतीवर आपटत होता. मागे आला, पुन्हा गेला, पुन्हा आपटला. मग एकदम उसळी मारून रस्त्यावर आला आणि पुढच्या गाडीला धडकून थांबला. इंडिकेटर नाही, आरशात बघणं नाही. हातपाय न हलवता नीलिमा पंधरा मिनिटं उभी राहिली. लॅबमध्ये तिचं कामच काचपट्टीवर वेगळं दिसणारं ओळखायचं. हा कपिल नव्हता. भर दुपारी, कपिल शिफ्टवर असताना, कुणीतरी दुसरंच त्यांच्या कॉम्प्युटरवर गाडी चालवत होतं.

संध्याकाळी फोनवर तिनं बेतानं विचारलं. स्क्रीन बघितली हे सांगायचं नव्हतं, म्हणून म्हणाली, दुपारी कॉम्प्युटरचा पंखा वाजत होता.

कपिल म्हणाला, "मीच होतो. आज दुपारी मोकळा होतो."

"नेट नीट आहे ना?"

"अडखळतंय जरा."

नेट अडखळलं की गाडी कशी चालते ते नीलिमाला तीन महिन्यांत पाठ झालं होतं. सगळंच क्षणभर गोठायचं आणि कपिल गाडी बाजूला घेऊन थांबायचा. हे तसं नव्हतं. नवरा आपल्याशी उघड खोटं बोलला, हे तिला फोन ठेवल्यावर हळूहळू उमजत गेलं.

दुसऱ्या दिवशी तिनं लॅबमध्ये दुपारची अर्धी सुट्टी मागितली. पंखा अडीचला सुरू झाला. यावेळी तिनं सुरुवातीपासून पाहिलं. गेम उघडला की आधी ड्रायव्हरची यादी येते, त्यातलं आपलं नाव निवडायचं. यादीत पहिलं नाव कपिलचं. त्याच्याखाली नवं नाव होतं, मराठीत टाइप केलेलं: 'दुसरा'. बाण त्याच्यावर गेला आणि पांढरा ट्रक सुरू झाला.

दुसरा म्हणजे कोण? खोलीवर कपिलबरोबर जयराज नावाचा वाठारचा पोरगा राहायचा, त्याच कारखान्यातला. तो असेल? पण जयराजचा स्वतःचा हँडहेल्ड होता, त्याला यात कशाला रस? आणि तो असता तर कपिलनं नाव का लपवावं? मग आणखी कोण? कुणालातरी गाडी शिकवतोय का? हे शिकणारं माणूस पुरुष आहे की बाई? इथवर विचार आला तेव्हा नीलिमानं स्क्रीन बंद केली आणि धुतलेली भांडी पुन्हा धुवायला घेतली.

त्या महिन्यात कपिल एकदाही घरी आला नाही. जादा काम आहे म्हणाला. व्हिडिओ कॉल लावला की कट करायचा आणि साधा फोन करायचा. नेट पुरत नाही म्हणे. सांगलीतून लोणंदपर्यंत अख्खा ट्रक पळतो तेवढं नेट आहे, पण बायकोला तोंड दाखवण्याएवढं नाही, हे नीलिमाच्या डोक्यात रुतून बसलं. ती जेवणाची सुट्टी अडीचला घेऊन घरी यायला लागली आणि लॅबच्या जुन्या वहीत मागच्या पानावर वेळा लिहायला लागली. अडीच ते तीन. पावणेतीन ते सव्वातीन. अर्ध्या तासाच्या वर कधीच नाही. ठरावीक वेळीच घरातून निसटता येणाऱ्या माणसाच्या वेळा वाटत होत्या त्या. वही ती पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवायची आणि तिची तिलाच लाज वाटायची.

एक गोष्ट तिला कोड्यात टाकत होती. हा दुसरा जो कोण होता, त्याचं स्टिअरिंग वाईट नव्हतं. गाडी रेषेत ठेवायचा. गोंधळ सगळा वेगात होता. एक्सिलरेटर एकतर लागायचाच नाही, नाहीतर एकदम पुरता दाबला जायचा आणि गाडी झेप घ्यायची. ती पारूबाईंजवळ काही बोलली नव्हती, पण एका दुपारी म्हातारी उठून बाहेर आली आणि पदरानं डोळे पुसत स्क्रीनसमोर उभी राहिली.

"ह्यो आपला न्हवं," त्या म्हणाल्या. "कुनाच्या हातात दिलीया गाडी त्येनं?"

नीलिमानं तिथल्या तिथं जयराजला फोन लावला. गाडी स्क्रीनवर चाललेली होती. तिनं विचारलं, कपिल कुठं आहेत?

"शिफ्टला हाईत की वहिनी."

"आणि तुम्ही?"

"मी बी कामावरच हाय."

"मग खोलीवर कोण आहे?"

मशीनचा आवाज मागे खरंच येत होता. जयराज म्हणाला की खोलीवर कोण असणार, कुलूप हाय. आणखी दोनचार प्रश्न विचारले, पण पठ्ठ्यानं ताकास तूर लागू दिली नाही. सुपरवायझर बोलावतोय म्हणाला आणि फोन ठेवला. पाच मिनिटांत पांढरा ट्रक रस्त्याच्या मधोमध थांबला आणि गेम बंद झाला. कुणीतरी कुणालातरी सावध केलं होतं. आता संशय राहिला नाही, असं तिला वाटलं. आता फक्त नाव कळायचं बाकी होतं.

घोटाळा झाला तो गुरुवारी. कपिलनं आईशी बोलायला फोन केला आणि पारूबाई बोलता बोलता म्हणून गेल्या, "बाबा, त्या पांढऱ्या गाडीला लय धडकवतोय कोन त्यो? गाडी अशी परक्याच्या हातात देऊ ने." नीलिमानं हातानं खूण करेपर्यंत शब्द गेले होते. फोन स्पीकरवर होता. कपिलनं जेवण झालं का विचारलं आणि लगेच ठेवला.

शुक्रवारी त्याचा नीलिमाला फोन आला. इकडचं तिकडचं बोलून म्हणाला, हे नेटवरचं खेळणं काही खरं नाही, हँडहेल्डच घ्यावा म्हणतो. जयराजचा चार दिवस वापरून बघतो. तिनं विचारलं, एवढी घाई काय? तो म्हणाला, घाई कसली, आधीपासून तेच म्हणत होतो की.

त्यानंतर कॉम्प्युटर सुरू झाला नाही. सात वाजायचे, दुपारचे अडीच वाजायचे, पंखा गप्प. खिडकीतून काहीतरी नको ते दिसत होतं, तोवर निदान खिडकी तरी होती. आता आतून कुणीतरी ती लावून घेतली होती. हँडहेल्ड का पाहिजे ते नीलिमाला आता स्वच्छ कळलं. ज्यात घरच्यांना डोकावता येत नाही, ते यंत्र.

आठ दिवस तिनं काढले. नवव्या दिवशी, शनिवारी, सासूबाईंना ट्रेनिंगला जायचंय म्हणून सांगितलं आणि सकाळची गाडी धरली. कपिलला कळवलं नाही. खोट्याला खोटं लागतं, हे ताकारीच्या आसपास तिच्या लक्षात आलं. कराड गेलं, सातारा गेलं. समोरच्या बाकावरची बाई शेंगा सोलत होती, तिनं मूठभर पुढं केल्या. नीलिमानं घेतल्या आणि हातातच धरून ठेवल्या. ती वाक्यं जुळवत होती. दार बाईनं उघडलं तर काय बोलायचं. दार उघडलंच नाही तर काय करायचं. आदर्कीच्या घाटात गाडी बोगद्यात शिरली तेव्हा काचेत स्वतःचा चेहरा दिसला आणि तो तिला अजिबात आवडला नाही.

खोली बाजाराच्या मागच्या बाजूला, एका खतांच्या दुकानावर होती. जिना चढताना तिनं चपला हातात घेतल्या. आतून आवाज येत नव्हता. कडी वाजवली. कुणीतरी उठल्याचा, भांडं लवंडल्याचा आवाज झाला. दार उघडायला फार वेळ लागला.

कपिलच होता. डाव्या हातानं दार धरून उभा. उजवा हात छातीशी, मनगटापासून बोटांपर्यंत पट्टी, दोन बोटांना आधाराच्या पट्ट्या बांधलेल्या. दाढी वाढलेली.

नीलिमाला हात दिसला. तरीही तिची नजर आधी खोलीभर फिरली. दोरीवर दोन पुरुषांचे कपडे. कोपऱ्यात दोन ताटं. दारामागं छत्री. पलंगावर जयराजचा हँडहेल्ड, खिडकीत स्टँडला लावलेला मोबाइल. बाकी कुणी नाही. तिनं हे सगळं तपासलं, आणि ती तपासत असताना कपिल तिच्याकडे बघत होता. ती नजर पुढं बरेच दिवस तिच्या मनातून गेली नाही.

"ये आत," तो म्हणाला.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. दीड महिन्यापूर्वी सकाळच्या पाळीत पत्रा दाबायच्या प्रेसवर एक काम अडलं होतं. मशीनपुढची जाळी काढून त्यानं आत हात घातला. नव्या पोरांना तोच रोज सांगायचा, जाळी काढायची तर आधी वीज बंद. त्या दिवशी घाई होती, आणि वीज बंद केली असं त्याला वाटलं होतं. तर्जनी आणि मधलं बोट चेपलं. साताऱ्याला नेऊन ऑपरेशन केलं, हाडात तारा घातल्या. डॉक्टर म्हणाले, बोटं किती वाकतील ते दोन महिन्यांनी कळेल. कारखान्यानं रजा दिली. तो खोलीवर बसून राहिला.

"आणि आम्हाला काय, शिफ्ट बदललीय?" नीलिमाचा आवाज तिलाच अनोळखी वाटला.

"वाकली असती तर सांगणार होतो."

"आणि नाही वाकली तर?"

कपिलनं पट्टीचं सुटलेलं टोक आत खोचलं. म्हणाला, ते अजून ठरवलं नव्हतं.

सूज थोडी उतरल्यावर, तारा असतानाच, आधार सोडून बोटं हळूहळू हलवत राहायला सांगितलं होतं, दिवसातून अर्धा तास, त्याहून जास्त नाही. चेंडू दाबायचा कंटाळा यायचा. स्टिअरिंग डाव्या अंगठ्यानं होतं आणि एक्सिलरेटरचं बटण उजव्या तर्जनीखालीच असतं, तेव्हा तेच दाबत बसायचं त्यानं ठरवलं. पण त्या बोटाला किती दाब दिला ते कळतच नव्हतं. काही वेळा दाबलं तरी लागायचं नाही, काही वेळा पुरतं लागायचं. आरशात बघायचं आणि इंडिकेटरचं बटण तर उजव्या अंगठ्याचं. हात कंट्रोलरवर नीट बसत नसल्यानं अंगठा तिथवर पोचायचाच नाही. आणि निळ्या गाडीची दोन वर्षांची नोंद खराब करायची नव्हती, म्हणून त्यानं नवा ड्रायव्हर काढला.

"दुसरा," नीलिमा म्हणाली.

"तुला कसं माहीत?"

तिनं सांगितलं. रोज स्क्रीन लावत होते, पहिल्या दिवसापासून. वेळा लिहिल्या, जयराजला फोन केला, तेही सांगितलं. आणि मग, सांगायचं नाही असं ठरवलेलं असूनही, म्हणाली, "मला वाटलं इथं कुणीतरी आहे. कुणी बाई."

तो हसेल किंवा चिडेल असं तिला वाटलं. त्यानं यातलं काहीच केलं नाही. पट्टीकडे बघत म्हणाला, "मी एकदा तरी खरं बोललो होतो. मीच होतो म्हणालो होतो ना त्या मंगळवारी."

"आणि बाकीचं?"

"बाकीचं खोटं."

"मग मी कशावर विश्वास ठेवायचा?"

खाली दुकानात पोती उतरवत होते, धपधप आवाज येत होता. नीलिमाला जो दिलासा वाटायला हवा होता तो वाटत नव्हता. महिनाभर ती ज्या बाईवर रागावली होती ती बाई नव्हतीच, आणि राग मात्र शिल्लक होता. आता तो कुठं ठेवायचा ते कळत नव्हतं. कपिलचंही तसंच असणार. त्याला वाटत होतं, आपण धडकतोय ते कुणाला दिसत नाही. आणि इकडे दोन बायका समोर बसून बघत होत्या.

दुपारी जयराज आला. नीलिमाला बघून दारातच थबकला, हातातली भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि म्हणाला, वहिनी, मी सांगायला नको म्हनत न्हवतो, त्येंनी शपथ घातलीवती. मग चहा करायला आत गेला तो चांगला अर्धा तास आतच राहिला.

हँडहेल्डचं तिनं विचारलं, तर तो आठ दिवस नुसता पडून होता. दोन्ही हातांनी तोलायचं ते यंत्र. निम्मं वजन उजव्या हातावर. पाच मिनिटांत बोटं ठणकायला लागायची. घरच्या कॉम्प्युटरवर खेळताना मोबाइल स्टँडला लावून कंट्रोलर मांडीवर टेकवता यायचा, म्हणून ते जमत होतं. पण आईचा तो फोन झाला आणि त्यानं तेही सोडलं. म्हणजे आठ दिवस बोटांना व्यायामच नव्हता. हे ऐकल्यावर नीलिमा पहिल्यांदा त्याच्या जवळ सरकून बसली आणि पट्टीबाहेर आलेल्या बोटांची टोकं तिनं बघितली, नखं निळी पडलीत का, सूज किती आहे, लॅबमधल्या माणसानं बघावं तशी. मग बॅग भरायला घेतली.

रविवारी दोघं सांगलीला आली. पारूबाई दारातच होत्या. त्यांनी मुलाचा हात दोन्ही हातांत घेतला, काही वेळ नुसता धरून ठेवला. रडल्या नाहीत. म्हणाल्या, "माझंच पोर, आन मी म्हनलं परका हाय. वळकाय आलं न्हाई मला." ट्रेनिंगला गेलेली सून नवऱ्याला घेऊन कशी आली, हे त्यांनी विचारलं नाही.

पुढचे दोन महिने कपिल घरीच होता. सकाळी फिजिओथेरपी, दुपारी अर्धा तास पांढरा ट्रक. नीलिमा लॅबमधून लवकर येत नव्हती. आली तरी त्या वेळी मुद्दाम स्वयंपाकघरात राहायची. एकदा त्यानंच हाक मारली, चढावर एक्सिलरेटर सलग धरवत नाही म्हणाला, तू धर. ती शेजारी बसली, तिनं बटण धरलं, त्यानं गाडी वळवली. गाडी घाटावर निम्म्यात गेली आणि दरीत पडली. दोघं हसली. खूप दिवसांनी हसल्यामुळे ते जरा मोठ्यानंच झालं.

मधलं बोट बरंचसं वाकायला लागलं. तर्जनी निम्मीच वाकते, ती तशीच राहणार असं डॉक्टरांनी सांगितलं. टूलरूमचं काम आता जमणार नव्हतं. कारखान्यानं त्याला तपासणी विभागात घेतलं, लोणंदलाच. जायच्या आदल्या दिवशी दुपारी तो कॉम्प्युटरपुढे बसून लांबून चालू करायची व्यवस्था पुन्हा तपासत होता. नीलिमा मागे येऊन उभी राहिली.

"ते राहू दे," ती म्हणाली. "हँडहेल्ड घ्या. आता हातात धरवेल तुम्हाला."

तो वळून बघायला लागला. "मग इथं काही दिसणार नाही तुला."

"म्हणूनच म्हणते."

त्यानं कॉम्प्युटर नीट बंद करून त्याच्यावर जुनी चादर घातली.

लोणंदला गेल्यावर त्यानं जयराजच्या ओळखीनं एकाचा वापरलेला हँडहेल्ड घेतला आणि नेटवरून आपला जुना ड्रायव्हर, निळ्या गाडीसकट, त्यात उतरवून घेतला. पहिल्या आठवड्यात नीलिमाला रोज सातला कसंतरी व्हायचं. एकदा तर तिनं चादर उचलून स्क्रीनचं बटण दाबलं, काळ्या काचेत स्वतःला बघितलं आणि पुन्हा चादर घातली. दोनदा जयराजला फोन लावावासा वाटला, लावला नाही. संशय एका दिवसात आला नव्हता, एका दिवसात जाईल अशी तिची अपेक्षाही नव्हती.

दहाव्या दिवशी संध्याकाळी कपिलचा व्हिडिओ कॉल आला. दाढी केलेली होती. इकडंतिकडं काही न बोलता आधी म्हणाला, "आज टोलनाक्याचा खांब पाडला. बोट वेळेवर उठलंच नाही. आणि निळीच गाडी होती, मुद्दाम तीच काढली."

"मग नोंद गेली?"

"गेली."

नीलिमानं फोन घेऊन पारूबाईंच्या शेजारी बसकण मारली आणि खांब नेमका कसा पडला ते त्याला पहिल्यापासून सांगायला लावलं.